स्लो आहे? मग नवीन घ्या!



बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि लिहितोय तेही चिडून. घरची मंडळी इथलं वाचतात हे मला माहीत आहे (प्रतिक्रिया कोणी टाकत नाही, लग्नकार्यात भेटल्यावर तोंडावर सांगतात!), म्हणून ज्यांना कॉम्प्युटरच्या पोटातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. ज्यांना कळतं त्यांनी तेवढा भाग ओलांडून पुढे जावं.

चीड आहे ती एका वाक्यावर. "स्लो चालतंय ना? जुनं झालंय हो ते, आता नवीन घ्या." दुकानदार हे म्हणतो, मेंटेनन्सवाला म्हणतो, पुतण्या म्हणतो. माझं म्हणणं असं की हे वाक्य म्हणजे सल्ला नाही, हा आळस आहे. आणि याचंच एक भावंड आहे, ते याच्याहून वाईट. त्याच्याकडे मी नंतर येतो, कारण तिथे माझीच मान खाली जाणार आहे.

तर झालं असं. माझा मामेभाऊ कोपरीत करसल्लागाराचं ऑफिस चालवतो. तो आणि पाच माणसं. दीड वर्षापूर्वी त्याने टेबलाखालचे चार जुने कॉम्प्युटर काढून टाकले आणि एक बऱ्यापैकी सर्व्हर घेतला. त्या एका यंत्राच्या पोटात आता पाच व्हर्च्युअल मशीन चालतात. म्हणजे काय, तर मामी, तुमच्या चाळीसारखं समज. खोल्या पाच, बिऱ्हाडं पाच, प्रत्येकाला वाटतं आपलं घर स्वतंत्र. पण नळ सगळ्यांचा एकच. इथे नळ म्हणजे डिस्क. ती सर्व्हरमध्ये नाही, शेजारच्या कपाटात एक चार डिस्कचा डबा आहे, त्याला नॅस म्हणतात. सर्व्हर आणि डबा यांच्यामध्ये नेटवर्कची वायर. पाचही मशीन लिहितात-वाचतात ते या वायरीतून, त्या एका डब्यावर.

पहिले दोन महिने बरे गेले. मग रड सुरू झाली. व्हाउचर सेव्ह करायला चार सेकंद, पाच सेकंद. वीस तारखेच्या आधी, म्हणजे जीएसटीचा रिटर्न भरायच्या आठवड्यात, तर पडदा गोठल्यासारखा. मेंटेनन्सवाला आला, कपाट उघडून दोन मिनिटं दिवे बघितले आणि कोटेशन पाठवलं. नवीन डबा, दहा गिगाबिटचा स्विच, दोन्हीकडे नवीन कार्डं. सव्वादोन लाख. एवढं नसेल जमत तर निदान दोन वायरी जोडून "स्पीड डबल" करून देतो म्हणाला.

त्याने काय मोजलं होतं? काहीही नाही!

आता कोपरीकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण देवाने आपल्याला दोन्ही धडे हायवेवर एका किलोमीटरच्या आत दिलेत. एक कोपरीचा पूल. रस्ता रुंद आणि रेल्वेवरचा पूल अरुंद, म्हणून वर्षानुवर्षं रांगा लागायच्या. तो आठ पदरी होऊन २०२३च्या फेब्रुवारीत पूर्ण खुला झाला आणि फरक पडला. ते दुखणं रुंदीचं होतं, रुंदी वाढवली की उतरलं. दुसरा आनंदनगरचा टोल नाका. तिथलं दुखणं थांबण्याचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला त्याआधी तुमच्यासमोर सोळा पदरी रस्ता असता तरी नाक्यावर काच खाली करून पावती घ्यावी लागलीच असती. त्या थांबण्याला रस्त्याच्या रुंदीशी काही घेणं नाही.

तेव्हा "स्लो" हे आजाराचं नाव नव्हे. "अंगात कसकस आहे" म्हटल्यावर डॉक्टर थेट ऑपरेशनची तारीख देत नाही, आधी थर्मामीटर लावतो. स्टोरेज स्लो आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच असायला हवा की पूल अडलाय की नाका?

हा प्रश्न न विचारता एका वाक्यात उपाय सांगणारा आणखी एक जाणकार त्या ऑफिसला भेटला. तो जाणकार म्हणजे मी.

भावाने फोन केला तेव्हा मी ठाण्याहून दादरला निघालेल्या लोकलमध्ये उभा होतो. त्याने लक्षणं सांगितली. मी मुलुंड यायच्या आत निदान केलं. म्हटलं, "सव्वादोन लाख कसले घालतोस! त्या डब्याच्या सेटिंगमध्ये सिंक नावाचा प्रकार आहे, तो डिसेबल कर. उडायला लागेल बघ." त्याने केलं. उडायला लागलं! संध्याकाळी त्याचा मेसेज आला, वर हात जोडलेलं चित्र. मीही दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

हे "सिंक" काय असतं? हाफिसात आवक-जावक बारनिशी असते ना, तसं. तुम्ही अर्ज दिलात की कारकून तो वहीत चढवतो, फायलीला लावतो आणि मग तुमच्या प्रतीवर शिक्का मारून पोच देतो. पोच हातात आली म्हणजे अर्ज नक्की आत गेला. हिशेबाचं सॉफ्टवेअर, डेटाबेस, हे सगळे पोच मागणारे लोक. "लिहिलंस का? नक्की लिहिलंस का? मग मी पुढची ओळ देतो." पोच यायला वेळ लागतो, म्हणून सॉफ्टवेअर थांबतं, म्हणून बाई पडद्याकडे बघत बसतात.

सिंक डिसेबल करणं म्हणजे कारकुनाला सांगणं की बाबा, अर्ज हातात पडला रे पडला की शिक्का मार. वहीत नंतर चढव, पाच सेकंदांनी, सवडीने. रांग झटक्यात सरकते. साहेब खूश, जनता खूश. फक्त त्या पाच सेकंदांत काही झालं, तर तुमच्या हातात पोच आहे आणि आत अर्ज नाही.

पाच आठवड्यांनी लाईट गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, तो चालूच राहिला. डबा मात्र साध्या प्लगवर होता (हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं). डबा बंद पडला, लाईट आली, तो पुन्हा उठला, सर्व्हरला पुन्हा सापडला. वरवर सगळं ठीक. पण हिशेबाच्या मशीनला पक्कं वाटत होतं की शेवटच्या नोंदी लिहून झाल्यात, पोच घेतली होती ना त्याने! डब्यात त्या नव्हत्याच. मशीन त्याच समजुतीवर पुढे लिहीत गेलं. अनुक्रमणिकेत पान आहे आणि पुस्तकात नाही, अशी फाईल तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडेना. तारीख होती सतरा.

बॅकअप होता, पण दोन दिवसांपूर्वीचा. त्या दोन दिवसांची व्हाउचरं कागदांवरून पुन्हा चढवावी लागली. ऑफिसात एक ताई आहेत, वीस वर्षं भावाकडे आहेत, मीठबंदर रोडच्या बाजूला राहतात. त्या दोन रात्री अकरापर्यंत बसल्या. घरी आजारी सासू, तिला जेवायला घालायला मुलाला पाठवलं. त्यांना सिंक माहीत नाही, नॅस माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "माझ्याच हातून काही चुकीचं दाबलं गेलं असेल का हो?"

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चूक फोनवर शहाणपणा करणाऱ्याची, आणि अपराधी वाटतंय कोणाला!

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन ऑफिसात जाऊन बसलो आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सिंक पुन्हा चालू केलं आणि मोजलं.

आधी वायर. पिंगला उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येत होतं, एक तृतीयांशाच्या आसपास. वायर खरोखर गिगाबिटवर जोडलेली आहे ना, ते पाहिलं. कधीकधी खराब केबलमुळे ती गुपचूप शंभर मेगाबिटवर येऊन बसते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मग आयपर्फ चालवलं, ९४० मेगाबिट. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ११७ मेगाबाइट. गिगाबिट वायरीकडून याहून जास्त मिळतच नाही. पूल मोकळा होता.

मग नाका. एफआयओ नावाचं एक फुकट साधन आहे. त्याला सांगितलं, चार-चार किलोबाइटचे छोटे तुकडे लिही आणि प्रत्येक तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा देऊ नकोस. उत्तर आलं, सेकंदाला ६०.

साठ! साठ गुणिले चार, म्हणजे सेकंदाला २४० किलोबाइट. वायरीची ताकद ११७ मेगाबाइट. वायर तिच्या ताकदीच्या पाचशेव्या हिश्शावर चालली होती आणि आम्हाला दहापट रुंद वायर विकायला माणूस कोटेशन घेऊन उभा होता.

हे साठ कुठून आले? डब्यात मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्क आहेत. सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. एक पोच द्यायची तर डोकं जागेवर न्यायचं, तबकडीची ती जागा खाली येईपर्यंत थांबायचं, लिहायचं, आणि लिहिल्याची नोंद करायला पुन्हा एकदा तेच. साधारण दोन फेरे धरा, १६.७ मिलिसेकंद. सेकंदाला साठ. यात गूढ काही नाही, शाळेतला भागाकार आहे. एक व्हाउचर सेव्ह करताना सॉफ्टवेअर अशा दोन-अडीचशे पोचा एकामागून एक मागत असेल, तर चार सेकंद लागणारच. दहा गिगाबिटचा स्विच लावला असता तर तबकडी जास्त वेगाने फिरली असती का?

आणि ते "दोन वायरी जोडून डबल". दोन वायरी एकत्र बांधल्या तरी एक संभाषण साधारणपणे एकाच वायरीवरून जातं. दहा सर्व्हर असतील तर उपयोग आहे. एक सर्व्हर आणि एक डबा असेल तर दुसरी वायर शोभेची.

उपाय काय केला? डब्यात एक छोटी एसएसडी बसवली, फक्त पोचेची नोंदवही म्हणून. पण कुठलीही नव्हे, जिच्यात वीज गेल्यावरही हातातलं काम पुरं करण्यापुरता कपॅसिटर असतो अशी. घरगुती स्वस्त एसएसडीत तो सहसा नसतो, त्यामुळे खरी पोच मागितली की तिचाही वेग भसकन खाली येतो. डबा यूपीएसवर घेतला. यूपीएसची बॅटरी बदलली. पुन्हा मोजलं, सेकंदाला दीड हजाराच्या आसपास. व्हाउचर लगेच सेव्ह. खर्च एका साध्या मोबाईलएवढा. आणि सिंक चालू.

आता काही जण म्हणतील (आमचे एक ब्लॉगर मित्र तर नक्कीच म्हणतील, म्हणून आधीच उत्तर देतो), "अरे बाबा, माणसाचा वेळ महाग आहे, हार्डवेअर स्वस्त. अर्धा दिवस मोजत बसण्यापेक्षा सगळंच एसएसडीचं घेऊन टाकलं असतं." यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पूल खरोखर अरुंद असेल, रोज रात्री मोठमोठे बॅकअप जात असतील, तर दहा गिगाबिट घ्याच. माझा विरोध नवीन घेण्याला नाही, न बघता घेण्याला आहे. न मोजता घेतलेल्या वस्तूने दुखणं गेलं तरी ते का गेलं हे कळत नाही, आणि नाही गेलं तर पुढचं कोटेशन तयारच असतं. स्विचच्या एका बाजूला नऊ हजार बाइटच्या मोठ्या फ्रेम चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद, ही चूक नव्या स्विचमध्येही तशीच राहते (८९७२ बाइटचं, तुकडे न करता पाठवलेलं पिंग जातंय का बघा, एका मिनिटाचं काम). विंडोज सर्व्हर २००३च्या काळातलं जुनं मशीन जसंच्या तसं उचलून आणलं असेल तर त्याचं पार्टिशन त्रेसष्टाव्या सेक्टरपासून सुरू होतं. मग चार किलोबाइटचा तुकडा खालच्या दोन खणांवर आडवा पडतो आणि एका कामाची दोन कामं होतात. डबा कितीही नवा आणा, ही दोन कामं दोनच राहतात.

दुसरा आक्षेप यायचा तो असा की "सिंक बंद करून आमचं वर्षभर काही झालं नाही." हेल्मेट न घालणारेही हेच म्हणतात. ज्या लोकांनी हे नियम लिहिले ते मूर्ख नव्हते हो. एनएफएसची दुसरी आवृत्ती १९८९ साली छापली गेली, तिच्यात डेटा पक्क्या जागी गेल्याशिवाय उत्तर द्यायचंच नाही असा दंडक होता. त्यामुळे वेग मरायचा, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी वेगळी सोय केली. लिहिताना घाई चालेल, पण शेवटी "आता पक्कं कर" असा वेगळा निरोप जाईल आणि त्याची पोच खरीच असेल. म्हणजे वेग वाढवायचा रस्ता त्यांनी खोटी पोच न देता शोधला. आपण काय शोधलं? एक टिचकी.

आणि हे फक्त पाच माणसांच्या ऑफिसात होतं असं समजू नका. २४ फेब्रुवारी २०२१ आठवतोय? राष्ट्रीय शेअर बाजार, आपला बीकेसीतला एनएसई, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडला तो पावणेचारला उघडला. नंतर त्यांनीच जे कारण सांगितलं ते वाचण्यासारखं आहे. मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या टेलिकॉमच्या वायरी डळमळल्या, वाटेत रस्त्याची खोदकामं चालू होती. वायरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. पण वायरी हलल्यावर गडबडली ती स्टोरेज यंत्रणा, आणि मुख्य केंद्रातलं स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं. लांबचं टोक गेलं तर जवळच्याने काम चालू ठेवायचं, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात आत बसवलेलं तर्कशास्त्र त्या अपेक्षेप्रमाणे नव्हतं.

तिथे पैसा कमी होता का? वस्तू जुन्या होत्या म्हणून झालं का? नाही. कोण कोणाच्या पोचेसाठी थांबतंय आणि ती पोच आलीच नाही तर काय होईल, हा प्रश्न होता. कपाटातला डबा असो की शेअर बाजार, नेटवर्कवरचं स्टोरेज म्हणजे डिस्क आणि वायर मिळून एकच वस्तू आहे. डिस्कवाला वायरीकडे बोट दाखवतो, वायरवाला डिस्ककडे, आणि दोघे मिळून ग्राहकाच्या खिशाकडे.

म्हणून आता मी एक नियम केलाय. "स्लो आहे" म्हणून कोणी फोन केला की मी विचारतो, "किती?" किती मिलिसेकंद, कुठल्या कामाला, कुठल्या वेळी, सगळ्या मशीनना की एकालाच? उत्तर नसेल तर मी सल्ला देत नाही. लोकलमधून तर नाहीच नाही. कोणी वेग वाढवून देतो म्हणाला की दुसरा प्रश्न: "आत्ता प्लग काढला तर काय काय जाईल?" या प्रश्नावर जो गप्प होतो, त्याच्या हाती तुमच्या हिशेबाच्या वह्या देऊ नका.

ताईंना मी सगळं सांगितलं. चूक तुमची नव्हती, माझी होती, असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आधीचे चार सेकंद लागत होते ते बरोबरच होते तर!"

हो ताई. ते चार सेकंद निदान खरे होते.

तूर्तास इतकंच.

ता.क. घरच्यांसाठी: ज्यांच्या ज्यांच्या कपाटात फोटोंचा असा डबा आहे, त्यांनी आजच तो कुठल्या प्लगवर आहे ते बघा. आणि शेवटचा बॅकअप कधीचा आहे, तेही बघा. मला फोन करण्याआधी :)